शहराची वाढ आणि आपले घर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी आपल्या ठाण्यास आली. १८६३ मध्ये येथे नगरपालिका आली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली व मुंब्रा-कौसाही तिच्यात आले. वागळे इस्टेटने हजारो हातांना काम दिले. पुढे तेथील अनेक कारखाने बंद पडून कचेऱ्या उभ्या राहिल्या. २००१ साली १२ लाख ६२ हजार असलेली शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाख ४१ हजार झाली.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील कितीतरी मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यास आली. डोक्यावर छप्पर तातडीने हवे होते, खिशात पैसा थोडा होता. परवडले ते घर घेतले. त्यांना दोष कोण देणार? परंतु ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ एक अनधिकृत इमारत काम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जीव गेले. स्वस्त घराची किंमत अशीही मोजावी लागते.

आज किसननगरसारख्या जुन्या वस्त्यांसाठी समूह विकास योजना हाती घेतली आहे. नूतनीकरणाची वेळ आली म्हणजे पहिला प्रश्न असतो : घर कोणाच्या नावावर? कागद कोठे आहे? म्हणून पालकांनो, घर घेताना बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र पाहा. नवीन इमारत असेल तर महारेराची नोंदणी तपासा. करारनामा नोंदवा. सोसायटी स्थापन करून जमीन तिच्या नावावर करून घ्या. इमारतीस ३० वर्षे झाली असतील तर मजबुतीची तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. खर्च होतो म्हणून ती टाळू नका.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी उर्दू बोलली जाते, पण पालिकेची नोटीस मराठीत येते. ती वाचता आली नाही तर मुदत निघून जाते. मराठीचा तास केवळ गुणांसाठी नाही. आज घरी जा, वडिलांकडून घराचे कागद मागा, आईला ते वाचून त्यांचा अर्थ सांगा. एखादा कागद नसेल तर तो मिळवण्याचा अर्ज तुम्हीच लिहा. शिकलेल्या मुलाचा घराला एवढा तरी आधार असावा.