अंपायर कोण निवडतं? निवडणूक आयोग समजून घेताना

इयरफोन लावा, आज जरा क्रिकेटपासून सुरुवात करू.

गल्ली क्रिकेटमध्ये अंपायर कोण असतो? बॅटिंग करणाऱ्या टीममधलाच कुणीतरी, ज्याचा नंबर अजून यायचाय. म्हणून तर रनआऊटवरून दर रविवारी राडा होतो. आता हेच देशाच्या निवडणुकीत बघा. सत्तेतला पक्ष म्हणजे बॅटिंग करणारी टीम. कलेक्टर त्यांच्या हाताखाली, पोलीस त्यांचे, तिजोरी त्यांची. मग अंपायर आणायचा कुठून?

आपल्या राज्यघटनेनं यावर कलम 324 मध्ये उत्तर दिलं. मतदार यादी तयार करणं आणि लोकसभा, विधानसभा, राष्ट्रपती, उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका घेणं, हे सगळं निवडणूक आयोगाकडे. आयोग स्थापन झाला 25 जानेवारी 1950 ला, म्हणजे आपण प्रजासत्ताक होण्याच्या आदल्या दिवशी. 25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस असतो, तो याचमुळे.

आता गंमत बघा. आयोगाकडे स्वतःची माणसं फारच कमी. मग लाखो मतदान केंद्रं चालवतं कोण? तुमच्या शाळेतले सर, तलाठी, बँकेतले कर्मचारी, पोलीस. ही सगळी उसनी माणसं. पण कायदा असं सांगतो की अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंत निवडणुकीच्या कामावरचे अधिकारी आणि पोलीस आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानायचं. म्हणजे कालपर्यंत मंत्र्यांचा फोन आला की उभा राहणारा कलेक्टर आता आयोगाचं ऐकणार. ही ताकद लहान नाही.

पण आयोग दिल्लीतला एकच का? प्रत्येक राज्याचा वेगळा का नाही? मूळ मसुद्यात राज्यांच्या निवडणुकांसाठी वेगवेगळे आयोग होते. जून 1949 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत हा बदल मांडला, आणि त्याचं कारण आजही ऐकण्यासारखं आहे. काही प्रांतांमध्ये, तिथल्या बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या भाषेच्या किंवा संस्कृतीच्या लोकांची नावं मतदार यादीत येऊच द्यायची नाहीत, असे प्रकार चालल्याच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणजे आयोगाच्या जन्मामागची भीती मतपेटी पळवण्याची नव्हती. भीती होती यादीतून माणूस गायब होण्याची.

आणि यादी किती अवघड असते, ते पहिल्याच निवडणुकीत कळलं. 1951-52. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. मतदार साधारण 17 कोटी, त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अनेक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई', अशी नोंद. सेन म्हणाले, यादीत स्वतःचं नाव हवंच. त्यामुळे जवळजवळ 28 लाख स्त्रियांची नावं वगळली गेली. नियम बरोबर होता, पुढे त्याचा फायदाही झाला. पण त्या वेळी 28 लाख जणी मतदानाला मुकल्या, हेही तितकंच खरं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अंपायरला नेमतं कोण, आणि काढतं कोण?

काढण्याची बाजू भक्कम आहे. मुख्य निवडणूक आयुक्तांना हटवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना हटवण्याची जी पद्धत, तीच लागते. संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. बाकीच्या दोन आयुक्तांना मात्र एवढं कवच नाही. मुख्य आयुक्तांची शिफारस असेल तरच त्यांना हटवता येतं.

नेमण्याची बाजू कायम कच्ची राहिली. 1949 मध्येच शिब्बनलाल सक्सेना यांनी सुचवलं होतं की या नेमणुकीला संसदेची दोन तृतीयांश मतांनी मंजुरी हवी. आंबेडकरांनीही मान्य केलं की सरकारच्या मुठीत राहील असा माणूस नेमला जाण्यापासून रोखणारं काही मसुद्यात नाही. शेवटी ठरलं की याबद्दल संसद कायदा करेल. तो कायदा आला कधी? डिसेंबर 2023 मध्ये! तोपर्यंत कुठलाही पक्ष सत्तेत असो, नाव सरकारच ठरवायचं आणि राष्ट्रपती सही करायचे.

मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश अशा तिघांची समिती नावं सुचवेल. मग कायदा झाला, त्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आला. समर्थक म्हणतात, कायदा करणं हा संसदेचाच अधिकार, आणि आधी तर विरोधी पक्षनेत्याला खुर्चीसुद्धा नव्हती. टीकाकार म्हणतात, तिघांत दोन सरकारचे, मग तिसऱ्याच्या मताला वजन किती? या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं.

तुम्ही म्हणाल, माणूस खमक्या असेल तर नियमांचं काय एवढं? लगेच टी. एन. शेषन आठवतात. 1990 ते 1996. त्यांना कुठला नवा अधिकार मिळाला नव्हता. होते तेच अधिकार त्यांनी वापरले. आचारसंहिता तर संसदेनं केलेला कायदाही नाही, तरी तिचा धाक बसला तो त्यांच्यामुळे. फोटो असलेलं मतदार ओळखपत्रही 1993 पासूनचं. पण मला वाटतं, यातून उलटाच धडा घ्यायला हवा. तेच अधिकार आधीही होते ना? मग सगळं एका माणसाच्या स्वभावावर अवलंबून राहिलं. दर वेळी शेषन मिळतीलच असं नाही. म्हणून नेमणुकीचा नियमच असा हवा की हरणाऱ्यालाही निकाल मान्य करावासा वाटेल. अंपायर खरंच निःपक्ष असणं पुरत नाही, तसं दोन्ही टीमना वाटायलाही हवं.

जाता जाता, महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी एक गोष्ट. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका हा आयोग घेत नाही. त्या घेतो राज्य निवडणूक आयोग, तो वेगळा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होता. तेव्हा चिडून प्रश्न विचारायचा असेल तर आधी पत्ता बरोबर असू द्या.

आणि यादी? ती तर आपल्या हातातल्या फोनवर आहे. आता अठरा पूर्ण झाल्यावर पुढच्या जानेवारीची वाट बघावी लागत नाही. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. नवीन नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदलला किंवा चूक असली तर फॉर्म 8. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, हे फार जणांना माहीतच नसतं. अडलं तर 1950 वर फोन करा.

तर आजच्या दिवशी एवढंच करा: यादीत स्वतःचं नाव शोधा, मग आजीचं शोधा. सापडलं नाही, तर आत्ताच अर्ज भरा. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून नाव यादीत येत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!