हें खरें आहे काय?

महाराष्ट्र विधिमंडळाचें अधिवेशन चालू असतांना सभासदांच्या हातीं रोज प्रश्नोत्तरांची एक यादी पडते. ती आपल्यापैकीं कितीजणांनीं पाहिली असेल कोण जाणे. ती वाचनीय असते असें मी म्हणणार नाहीं. तिची भाषा ठरीव, वाक्यें लांबलचक, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेंच पालुपद : 'हें खरें आहे काय?'

समजा, एका गांवीं नळपाणीपुरवठ्याची योजना मंजूर झाली, टाकी उभी राहिली, ठेकेदाराला पैसे पोंचले, आणि नळाला पाणी मात्र आलें नाहीं. त्या भागाचे आमदार मंत्रिमहाशयांस विचारतात : सदर योजनेचें काम पूर्ण होऊनहि ग्रामस्थांना पाणी मिळत नाहीं, हें खरें आहे काय, असल्यास, या प्रकरणीं शासनानें चौकशी केली आहे काय, चौकशींत काय आढळून आलें व तदनुसार कोणती कारवाई करण्यांत आली, नसल्यास, विलंबाचीं कारणें काय आहेत? हा साचा पाहून हंसूं येतें खरें. पण तो मोठ्या अनुभवानें घडलेला आहे. 'खरें नाहीं' म्हणावें तर कोरडा नळ साऱ्या गांवानें पाहिलेला. 'खरें आहे' म्हणावें तर पुढची पायरी लगेच वाट अडवून उभी. आणि चौकशी झालीच नसेल तर ती कां झाली नाहीं, हें शेवटचें कलम विचारतेंच. सरकारनेंहि आपले साचे घडविले आहेत. 'अंशतः खरें आहे' हा त्यांतला एक. आणि सर्वांत प्रिय तो 'प्रश्न उद्भवत नाहीं' हा. या दोन साच्यांची जी झटापट होते तिच्याविषयीं आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे. कारण त्या झटापटींत पणाला लागलेला पैसा आपला असतो.

हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपणांस कोणी एका दिवसांत बहाल केलेला नाहीं. इंग्लंडांत सरदारांच्या सभेंत १७२१ सालीं अर्ल काउपर यांनीं मंत्र्यांना पहिला प्रश्न विचारला असें सांगतात. साउथ सी कंपनीच्या गडगंज घोटाळ्यानंतर त्या कंपनीचा खजिनदार देश सोडून पळाला होता, आणि तो पकडला गेला ही वार्ता खरी काय, असा तो प्रश्न होता. म्हणजे पहिला प्रश्नहि पैशाच्याच पायीं निघाला, आणि त्याचें रूपहि 'हें खरें आहे काय' असेंच होतें! आपल्याकडे १८६१ च्या कायद्यानें कायदेमंडळें आलीं, परंतु त्यांतील सभासदांना समोर आलेल्या कायद्याच्या मसुद्यापलीकडे तोंड उघडण्याची मुभा नव्हती. १८९२ च्या कायद्यानें दोन गोष्टी दिल्या : वार्षिक अंदाजपत्रकावर बोलण्याची, आणि प्रश्न विचारण्याची. मात्र अंदाजपत्रकावर मत द्यावयाचें नाहीं, आणि प्रश्नाला जें उत्तर मिळेल तें ऐकून खालीं बसावयाचें. उत्तर अपुरें असलें, टाळाटाळीचें असलें, तरी त्यावर दुसरा प्रश्न नाहीं. १९०९ सालीं ज्याचा मूळ प्रश्न असेल त्याला उपप्रश्न विचारण्याची परवानगी मिळाली. आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ती सर्व सभासदांना मिळाली. एका उपप्रश्नासाठीं सत्तावीस वर्षें लागलीं! सरकार त्याला किती भीत होतें तें यावरून दिसतें.

या अपुऱ्या हक्कांचें काय करतां येतें, हें गोपाळ कृष्ण गोखले यांनीं दाखविलें. १९०२ च्या मार्चमध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत त्यांनीं अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें. सरकारच्या तिजोरींत सालोसाल शिल्लक पडत होती आणि तिच्याबद्दल अभिनंदनें चाललीं होतीं. गोखल्यांनीं त्या अभिनंदनांत सामील होण्यास नकार दिला. देशावर दुष्काळ येऊन गेलेला असतांना तिजोरींत शिल्लक उरते, याचा अर्थ राज्यकारभार काटकसरीचा आहे असा नसून कर प्रमाणाबाहेर आहेत असा आहे, हें त्यांनीं आंकड्यांनीं मांडलें. मिठावरचा कर त्या वेळीं मणास अडीच रुपये होता. तो १९०३ सालीं दोन रुपये, १९०५ सालीं दीड रुपया आणि १९०७ सालीं एक रुपया झाला. हें सारें श्रेय एका माणसाच्या पदरांत टाकणें बरें नव्हे. तथापि हातांत एकहि मत नसलेल्या सभासदाचें बोलणें सरकारला ऐकून घ्यावें लागलें, एवढें खास. त्या भाषणांमागच्या आंकड्यांत आणखी एका माणसाचे श्रम होते. सरकारी शाळांतून हेडमास्तरकी केलेले रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी अहवाल पिंजून आंकडे काढीत, आणि ते गोखल्यांच्या उपयोगीं पडत. जोशांचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं, याचें मला वाईट वाटतें.

आतां लोकसभेंतील रीत पाहूं. सभासदाला साधारणतः पंधरा पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते. प्रश्न दीडशें शब्दांहून लांब नसावा. त्यांत युक्तिवाद, अनुमान, उपरोध किंवा आरोप नसावा. ज्या प्रश्नाला तोंडी उत्तर हवें त्यावर तारा काढतात, म्हणून तो तारांकित. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतें, ते अतारांकित. दिवसाला वीस तारांकित प्रश्न यादींत येतात आणि त्यांची निवड सोडत काढून होते. तासाभरांत त्यांतले थोडेच पुकारले जातात. उरलेल्यांचीं उत्तरें कागदावरच राहतात. मग ताऱ्याची एवढी मातब्बरी कां? तर उपप्रश्नासाठीं! लेखी उत्तर दहा डोक्यांतून गाळून आलेलें असतें. उपप्रश्न मात्र मंत्र्याला उभ्या जागीं झेलावा लागतो. म्हणून खात्यांत मूळ उत्तरासाठीं जेवढे श्रम होतात त्याहून अधिक श्रम कोणते उपप्रश्न येऊं शकतील याचें टिपण करण्यांत होतात. जिल्ह्याच्या कचेरींत दूरध्वनि खणखणतो, दोन वर्षें पडून राहिलेली नस्ती एका रात्रींत सांपडते, आणि कोणाला तरी पहिल्यानेंच कळतें कीं अमुक ठिकाणीं पैसे गेले पण काम झालें नाहीं. पुष्कळदां नळाला पाणी येतें तें सभागृहांत उत्तर मिळाल्यानें नव्हे, तर उत्तर द्यावें लागणार या धास्तीनें, हें माझें मत मी येथें नमूद करून ठेवतों.

उपप्रश्नाचा पाठपुरावा किती दूर जाऊं शकतो याचें आपल्या इतिहासांतील ठळक उदाहरण १९५७ सालचें आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण होऊन मुंबईस आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें होतें. या महामंडळानें हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे भाग सुमारें सव्वा कोटि रुपयांना खरेदी केले. कंपन्यांची स्थिति डळमळीत, आणि पैसा लक्षावधि विमेदारांचा. लोकसभेंत डॉ. रामसुभग सिंह व फिरोझ गांधी यांनीं प्रश्न विचारले. मिळालेल्या उत्तरांनीं त्यांचें समाधान झालें नाहीं, तेव्हां त्यांनीं तो विषय सोडला नाहीं. १६ डिसेंबर १९५७ रोजीं फिरोझ गांधींनीं सभागृहांत सर्व व्यवहाराची चिरफाड केली. हे दोघेहि सभासद सत्तारूढ पक्षाचेच होते, आणि फिरोझ गांधी तर पंतप्रधानांचे जांवई! पुढें मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति महंमद करीम छागला यांची एकसदस्य चौकशी नेमली गेली. त्यांनीं ती मुंबईस उघडपणें, लोकांच्या देखत चालविली आणि थोडक्या आठवड्यांत पुरी केली. १९५८ च्या फेब्रुवारींत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावें लागलें. पहिल्याच उत्तरावर समाधान मानून दोघे सभासद खालीं बसले असते तर यांतलें कांहींच घडलें नसतें.

याच्या उलट बाजूचेंहि एक उदाहरण देतों. २०२० च्या सप्टेंबरांत, महामारीच्या दिवसांत, संसदेच्या अधिवेशनांतून प्रश्नोत्तराचा तास वगळण्यांत आला. लेखी उत्तरें तेवढीं चालू राहिलीं. टाळेबंदींत आपापल्या गांवीं परततांना किती स्थलांतरित मजूर मेले, असा प्रश्न लोकसभेंत विचारला गेला होता. १४ सप्टेंबरला लेखी उत्तर आलें कीं, अशी माहिती ठेवली जात नाहीं. त्यांच्या कुटुंबांना कांहीं भरपाई दिली काय, या कलमास उत्तर आलें : वरील उत्तर पाहतां प्रश्न उद्भवत नाहीं. प्रश्नोत्तराचा तास असता, आणि हा प्रश्न तोंडी उत्तरासाठीं पुकारला गेला असता, तर एखादा सभासद उठून विचारता कीं, माहिती कां ठेवली नाहीं, ती ठेवण्याचें काम कोणाचें होतें, आणि आतां ती गोळा करणार काय? त्या दिवशीं उठून विचारण्याची सोयच नव्हती. १८९२ चा सभासद आणि २०२० चा सभासद तेवढ्यापुरते एकाच बाकावर बसले होते असें मला वाटून गेलें.

हें झालें प्रश्नांचें. प्रत्यक्ष खर्चाला मंजुरी देतांना सभागृहाच्या हातीं आणखी एक साधन असतें, तें म्हणजे कपात सूचना. एखाद्या खात्याचें धोरणच अमान्य असेल तर त्याची मागणी कापून एक रुपयावर आणावी अशी सूचना देतां येते. विशिष्ट गाऱ्हाणें मांडावयाचें असेल तर शंभर रुपये कमी करावे अशी. हजारों कोटींतून शंभर रुपये! ऐकणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण त्या शंभर रुपयांच्या निमित्तानें दवाखान्यांतील औषधांचा तुटवडा बोलून दाखवितां येतो. अडचण अशी कीं, चर्चेसाठीं ठरलेली मुदत संपली म्हणजे उरलेल्या सर्व मागण्या चर्चेवांचून एकदम मताला टाकतात. याला गिलोटिन असें भयंकर नांव आहे. २०१८ आणि २०२३ या दोन्ही सालीं गोंगाटामुळें लोकसभेंत एकाहि मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा झाली नाहीं, आणि सारें अंदाजपत्रक तसेंच संमत झालें. गोंगाट कोणी केला आणि कोणामुळें केला, याबद्दल दोन्ही बाजूंना पुष्कळ सांगावयाचें असतें. तें कांहींहि असो, त्या दिवशीं शंभर रुपयांची सूचना देऊन वाट पाहत बसलेल्या सभासदाचें गाऱ्हाणें मांडावयाचें राहूनच गेलें.

पैसा खर्च होऊन गेल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात आणि त्यांचे अहवाल लोकलेखा समितीपुढें येतात. ही समिति १९२१ पासूनची. तींत मंत्री बसूं शकत नाहीं, आणि १९६७ पासून तिचें अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. तेथें गोंगाट नसतो. समोर खात्याचा सचिव बसलेला असतो आणि एकेक रकमेबद्दल विचारणा होते.

आतां आपल्या त्या कोरड्या नळाकडे वळूं. बहुतेक वेळां मंत्री 'खरें नाहीं' म्हणत नाहीं. तो म्हणतो, 'तपासून पाहूं', 'माहिती मागविली आहे', 'योग्य ती कारवाई करूं'. असलीं वचनें हवेंत विरूं नयेत म्हणून लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनीं १९५३ च्या डिसेंबरांत आश्वासन समिति नेमली. दिलेलें वचन तीन महिन्यांत पुरें झालें कीं नाहीं, हें ती पाहते. मावळंकर हे मराठी घराण्यांतले, अहमदाबादेस वाढलेले, आणि त्यापूर्वीं मुंबई विधानसभेचेहि अध्यक्ष होते. महाराष्ट्र विधिमंडळांतहि अशी समिति आहे. वचनें पुष्कळ, आणि मुदतवाढीचे अर्जहि पुष्कळ. पण समितीच्या वहींत जें लिहिलें गेलें तें सहजासहजीं पुसलें जात नाहीं.

त्या गांवच्या मंडळींनीं आपल्या आमदारांकडे जातांना नुसतें गाऱ्हाणें घेऊन जाऊं नये. एक कागद न्यावा. कामाचा आदेश कोणत्या तारखेचा, ठेकेदारास किती रक्कम कोणत्या दिवशीं दिली, आणि नळाला पाणी कोणत्या तारखेपासून नाहीं, एवढेंच त्यावर लिहावें. गोखल्यांना आंकडे पुरविणारे जोशी हेडमास्तर होते. अशी माणसें प्रत्येक गांवांत एकदोन तरी असतात.