मर्जिनाला पासवर्ड कुणी सांगितलाच नाही

(पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन येथे तरुण-तरुणींच्या वाचन मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



मिरचीचा हंगाम सुरू आहे, घरोघरी तोडणीची घाई आहे, तरी तुम्ही आलात. पुढच्या रांगांमध्ये आठवी ते बारावीच्या मुली बसल्या आहेत. मागे भिंतीला टेकून त्यांचे भाऊ उभे आहेत, काहींचे अब्बाही आहेत. बरं झालं. आजचं बोलणं मागच्यांसाठीही आहे.

मला विषय दिला आहे तो अद्भुत कथांमधल्या धीट मुलींचा. हॅरी पॉटरमधली हर्मायनी तुम्हाला ठाऊक आहे, ती पुस्तकं मराठीतही मिळतात. ‘हंगर गेम्स’मधली धनुष्य चालवणारी कॅटनिस तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाहिली असेल. अशा कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर सोळा-सतरा वर्षांची मुलगी असते, हातात तलवार नाहीतर आगीचा गोळा. घरातली मोठी माणसं म्हणतात, हे परदेशी खूळ आपल्या पोरींना कशाला? माझं म्हणणं असं की या मुली आपल्याच घरात फार आधीपासून राहतात. आपण त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही, एवढंच.

अलीबाबापासून सुरुवात करू. ‘तिळा तिळा दार उघड’ हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. घरी ऐकलं असेल तर ‘खुल जा सिमसिम’. गोष्टीला नाव अलीबाबाचं. पण अलीबाबा करतो काय? झाडावर लपून चोरांचा परवलीचा शब्द ऐकतो आणि मोहरा घेऊन घरी येतो. त्याचा भाऊ कासिम गुहेत शिरतो, शब्द विसरतो आणि मारला जातो. इथून पुढे सगळी गोष्ट घरातली दासी मर्जिना चालवते. कासिमच्या मरणाचा संशय कुणाला येऊ नये म्हणून ती म्हाताऱ्या मोच्याला डोळ्यांवर पट्टी बांधून घरी आणते. चोर दारावर खडूची खूण करून जातो, तर ती आजूबाजूच्या सगळ्या दारांवर तशीच खूण करते. तेलाच्या बुधल्यांत चोर लपलेत हे ती ओळखते. शेवटी चोरांचा सरदार पाहुणा बनून जेवायला येतो आणि ज्याच्या घरी जीव घ्यायचा त्याचं मीठ खायला नको म्हणून बिनमिठाचं जेवण मागतो. मर्जिनाच्या मनात पाल चुकचुकते ती तिथेच. घरातल्या पुरुषांना काही कळायच्या आत ती त्याचा निकाल लावते.

तिला बक्षीस काय मिळालं? गुलामीतून सुटका आणि अलीबाबाच्या मुलाशी लग्न. खजिन्याचं काय झालं? अलीबाबानं मुलाला गुहेकडे नेलं आणि शब्द शिकवला. तो शब्द त्याच्या वंशजांकडे गेला. ज्या मुलीनं अख्खं घर वाचवलं, तिला तो शब्द सांगितल्याचा उल्लेख गोष्टीत कुठेच नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे असं नेहमी दिसतं. रात्रभर जागून सिस्टिम सांभाळणारा एक असतो आणि ॲडमिनचा पासवर्ड दुसऱ्याच्या खिशात असतो. म्हणून कुठलीही गोष्ट वाचताना मी पाहते की नायिका किती जणांना लोळवते यापेक्षा शेवटी पासवर्ड कोणाकडे राहतो. ‘स्ट्राँग’ नायिकेची माझी चाचणी ही आहे.

या चाचणीत पहिल्या नंबरानं पास होते ती शहरजाद. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ एकोणिसाव्या शतकातच कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतल्या. पुढे 1970च्या दशकात गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी अरेबियन नाइट्सचा अनुवाद केला, 16 खंडांत. मुलांच्या पुस्तकातली छाटलेली आवृत्ती वाचून थांबू नका. मोठ्या झालात की हे खंड तालुक्याच्या, जिल्ह्याच्या वाचनालयात मागा.

शहरजाद वजिराची मुलगी. राजा रोज एका मुलीशी लग्न करतो आणि सकाळी तिला मारतो. शहरातल्या मुली संपत आल्यात, आईबाप मुलींना घेऊन पळून जातायत. अशा वेळी ती बापाला सांगते, माझं लग्न त्याच्याशी लावून द्या. बाप घाबरतो, चिडतो, बैल आणि गाढवाची गोष्ट सांगून तिला परावृत्त करू पाहतो. ती ऐकत नाही. तिच्याकडे जादूची अंगठी नाही, ताब्यात जिन्न नाही. तिनं इतिहास वाचलाय, राजांच्या कहाण्या वाचल्यात, कविता पाठ केल्यात. सोबत ती धाकट्या बहिणीला, दुनियाजादला घेते, आणि रात्री गोष्ट कुणी मागायची हे दोघींमध्ये आधीच ठरलेलं असतं. कॅटनिस आपल्या लहान बहिणीच्या जागी स्वतः पुढे होते, म्हणून ती आपल्याला आवडते. शहरजाद शहरातल्या सगळ्या मुलींच्या जागी पुढे होते. वाचलेलं ज्ञान हाच तिचा पासवर्ड होता आणि तो तिच्या डोक्यात होता. तिथून तो काढून घेणं राजालाही जमलं नाही.

उर्दूतही असा खजिना आहे. लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं 1883पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड काढले. जादूगारांचा बादशहा अफरासियाब, आणि त्याच्याविरुद्ध बंड करणाऱ्या फौजेच्या पुढे कोण? महरुख नावाची जादूगारीण. ‘हे जादूचं वाचणं दीनमध्ये बसतं का’, असं मला हमखास विचारलं जातं. आपल्या दाद्या-नान्यांनी हातिमताईच्या आणि जिन्नांच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या अंगणात बसून सांगितल्या. त्या ऐकून कुणी जादूगार झालं नाही. गोष्ट ही गोष्ट आहे, हे सहा वर्षांच्या पोरालाही कळतं.

आता आजच्या पुस्तकांकडे येऊ. कमला खान ही जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी वंशाची मुलगी मार्व्हलच्या कॉमिकमध्ये 2013 साली आली. लेखिका जी. विलो विल्सन, संपादिका सना अमानत, दोघी मुस्लिम. 2015 साली त्या कॉमिकच्या पहिल्या खंडाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. कमलाला रूप बदलायची शक्ती मिळते. आणि पहिल्यांदा ती काय करते? सोनेरी केसांची गोरी बाई होते. स्वतःच्या चेहऱ्यानं लोकांना वाचवायचं धाडस तिला नंतर येतं. हफ्सा फैजल या लेखिकेच्या 2019च्या कादंबरीत झाफिरा पुरुषाचा वेश करून शिकार करते आणि आपल्या लोकांना जगवते. शिकार तिला आधीपासूनच येते. तिला जड जातं ते हे काम बाई करते आहे असं उघड सांगणं.

ही पुस्तकं मला आवडतात. पण या प्रकारच्या बऱ्याच पुस्तकांबद्दल माझी एक तक्रार आहे. नायिका एकटीच हुशार असते. भविष्यवाणी तिच्याच नावाची, शक्ती तिलाच, आणि वर्गातल्या बाकीच्या मुली नटण्यात दंग असलेल्या, मूर्ख. ‘ती इतर मुलींसारखी नाही’ हे कौतुक म्हणून सांगितलं जातं. आपल्याकडेही एखादी मुलगी पहिली आली की नातेवाईक म्हणतात, ही आमची पोरगी नाही, पोरगाच आहे. म्हणजे बाकीच्या पोरी कमीच, असं ठरवून आपण एकीला शाबासकी देतो. एकीसाठी दार किलकिलं करायचं आणि बाकीच्यांसाठी लावून घ्यायचं, असली शाबासकी काय कामाची?

या तक्रारीला उत्तर 1905 सालीच लिहून झालंय. रुकैया सखावत हुसैन, जन्म 1880, आजच्या बांगलादेशातल्या रंगपूरजवळच्या पैराबंद गावी. घरात मुलींना बांगला आणि इंग्रजी शिकवत नसत. मोठ्या भावानं रात्री सगळे झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात तिला शिकवलं. लग्नानंतर भागलपूरला असताना, पती सरकारी दौऱ्यावर गेलेले असताना, तिनं इंग्रजीत एक गोष्ट लिहिली, ‘सुलतानाज ड्रीम’, सुलतानाचं स्वप्न. मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती छापून आली.

त्या गोष्टीतल्या देशात बायका राज्य करतात आणि पुरुष मर्दान्यात असतात. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून थेट पाणी ओढून घेतात, शेत विजेवर नांगरतात, प्रवास हवेतल्या गाडीतून होतो. हे 1905 साली! मराठवाड्यातल्या माणसाला त्यातलं ढगातून पाणी ओढणारं यंत्र सगळ्यात जास्त आवडेल. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. तिथे कुणा एकीला जादूची शक्ती मिळत नाही. राणी दोन हुकूम काढते: सगळ्या मुलींना शिक्षण, आणि 21 वर्षं पूर्ण होईपर्यंत कुणाही मुलीचं लग्न नाही. मग मुलींची विद्यापीठं उभी राहतात. शत्रू चालून येतो, पुरुषांची फौज हरते, तेव्हा विद्यापीठातल्या विद्यार्थिनी सूर्याची किरणं शत्रूवर रोखतात आणि लढाई संपते. पासवर्ड सगळ्यांकडे आहे. म्हणून देश वाचतो.

माझ्या कामात आधी आराखडा लिहितात, मग कोड. रुकैयांनी तेच केलं. गोष्ट हा आराखडा होता. पतीच्या निधनानंतर त्यांनी शाळा काढली, आणि 1911 साली कोलकात्यात ती पुन्हा सुरू केली तेव्हा मुली होत्या आठ. मुलींना आणायला बस ठेवली. पहिल्यांदा ती इतकी बंद होती की आत मुली गुदमरून आजारी पडायच्या. मग हवा यावी म्हणून झडपा मोकळ्या करून पडदे लावले, तर पत्रं आली की पडदे वाऱ्यानं उडतात, बेपर्दगी होते. बंद ठेवलं तरी बोल, उघडलं तरी बोल. पण शाळा चालू राहिली. रुकैया 1932 साली गेल्या. शाळा आजही कोलकात्यात आहे.

ती बस ऐकून तुम्हाला आपली बस आठवली असेल. मुलींसाठी एसटीचा मोफत पास आहे, मानव विकासची निळी बस तुम्ही पाहिलेली आहे. तरी दहावीनंतर ‘रोज भोकरदनला कोण सोडणार’ हा प्रश्न घरात निघतो, आणि बारावीच्या आत एखाद्या बाकावरची मुलगी दिसेनाशी होते. मराठवाड्यात 18च्या आत लग्न होणाऱ्या मुलींचं प्रमाण आजही जास्त आहे. ही मुलगी नापास झालेली नसते. बहुतेक वेळा ती घरातली मर्जिना असते: पहाटे उठून सगळं सांभाळणारी, लहान भावाचा ऑनलाइन फॉर्म भरून देणारी. घराच्या एकुलत्या स्मार्टफोनचा पासवर्ड मात्र तिला सांगितलेला नसतो.

म्हणून तीन गोष्टी मागते. पोरींनो, अशी पुस्तकं एकटीनं वाचू नका. शहरजादनं दुनियाजादला सोबत घेतलं होतं. आठवड्यातून एकदा चौघीपाचजणी बसा, एकीनं मोठ्यानं वाचावं, मराठीत असो की उर्दूत. दुसरं, लिहा. अलीबाबाची गोष्ट जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडत नाही. हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या तरुणानं ती 1709 साली पॅरिसमध्ये अंतोआन गालां या फ्रेंच लेखकाला तोंडी सांगितली, तेव्हा ती कागदावर आली. सांगितलेली गोष्ट पुढचा माणूस पुढे नेऊ शकतो. तुम्ही शेवट नव्यानं लिहा. मर्जिनाला शब्द कळल्यावर ती त्या गुहेचं काय करेल? मला चार पानं लिहून पाठवा, मी या पत्रिकेकडे देईन.

तिसरं मागणं मागे उभ्या असलेल्यांकडे आहे. रुकैयांना रात्री शिकवणारा भाऊ त्या घरात होता, म्हणून पुढचं सगळं घडलं. अशा भावाचं काम फार मोठं नसतं. अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना बहिणीच्या शेजारी बसा, लॉगिन तिच्या नावाचं करा आणि पासवर्ड तिलाच टाकू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ, पहिला प्रश्न पुढच्या रांगेतून.