१९०७ : खानदेशातून वाचलेले एक वर्ष



कापसाच्या हंगामात घरची कामे बाजूला ठेवून तुम्ही लेखक-कवी गावोगावहून इतक्या संख्येने इथे बोदवडला आलात, याचा मला अभिमान वाटतो. या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. या मानाच्या बळावर आज मी तुमच्याकडे एक मागणी करणार आहे. त्याआधी एका वर्षाविषयी बोलतो. ते वर्ष १९०७.

इतिहासाच्या पुस्तकांत हे वर्ष धामधुमीचे आहे. मे महिन्यात लाला लजपतराय यांना पकडून मंडालेला धाडले गेले. प्लेगने त्या एका वर्षात देशभरात तेरा लाखांहून अधिक माणसे नेली. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले आणि कीचकाच्या रूपात प्रेक्षकांना कर्झन दिसू लागला. काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला ठरले होते. जहाल-मवाळांचा वाद तिथे विकोपाला गेला, म्हणून ते सुरतेला हलवले. २७ डिसेंबरला सुरतेच्या मांडवात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, सभा उधळली. टिळक आणि गोखले यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि काँग्रेस पुन्हा एक व्हायला १९१६ साल उजाडावे लागले.

आता हेच वर्ष आपल्या जिल्ह्यातून पाहा. नागपूरहून निघालेली गाडी बोदवडवरून भुसावळला येते. तिथून जळगाव, धरणगाव, अमळनेर करत तापीच्या खोऱ्याने लोहमार्ग सुरतेला जातो. तो मार्ग १९०७ मध्ये नवाच होता. वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला सुरत गाठायची तर सरळ वाट आपल्या दारावरून जात होती. खानदेशाचे दोन जिल्हे होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. जळगाव हे नव्या पूर्व खानदेशाचे ठाणे होते.

त्याच जळगावात, त्याच साली, महाराष्ट्रातले पहिले कविसंमेलन भरले. ते जळगावात भरावे यामागे कारण होते. नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून तिथून ‘काव्यरत्नावली’ हे मासिक चालवत होते. निव्वळ कवितेला वाहिलेले मासिक जिल्ह्याच्या गावातून काढायचे आणि वर्षानुवर्षे टिकवायचे, हे केवढे धाडस! केशवसुतांच्या पिढीची कविता मराठी घरांत पोचली त्यात या मासिकाचा मोठा वाटा आहे. संमेलनाचे अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने लष्करी डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे मोठे जाणकार आणि कवितेचे रसिक. त्यांच्यासमोर धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा कविता म्हणायला उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याचे नाव. त्याला तिथे ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि महाराष्ट्र त्याला आजतागायत त्याच नावाने ओळखतो. पुढे अकराच वर्षांनी, ५ मे १९१८ रोजी, भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या रुळांवर त्याचा अंत झाला. ते भादली इथून फार लांब नाही.

देशाचे राजकारण दुभंगत होते त्याच वर्षी आपल्या जिल्ह्याने मराठी कवींना एकत्र बसवले, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असली पाहिजे. पण मला तिच्याही पुढे जायचे आहे.

कवी जळगावात जमले तेव्हा त्याच गावात सत्तावीस वर्षांची एक सून राहत होती. आसोद्याची लेक, चौधरींच्या घरी दिलेली. त्याच साली तिला मुलगा झाला. तो पुढे कवी सोपानदेव म्हणून नावाजला. शेतात राबताना, जात्यावर बसताना तिच्या तोंडून गाणी निघत. अक्षरओळख नव्हती, त्यामुळे तिने ती कधी लिहिली नाहीत. बहिणाबाई चौधरी हे नाव त्या संमेलनाला माहीत असण्याचे कारण नव्हते. ती १९५१ साली वारली. घरच्यांनी टिपून ठेवलेली गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये छापली गेली, तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. तिची कितीतरी गाणी त्याआधीच वाऱ्यावर गेली होती.

मित्रहो, फडणिसांना किंवा कीर्तिकरांना मी दोष देत नाही. त्यांनी आपल्या काळाचे काम चोख केले. माझे म्हणणे आपल्याविषयी आहे. मासिकात छापून आले तेवढे वाङ्मय आणि अधिवेशनात घडला तेवढा इतिहास, असे आपण धरून चाललो तर दर वर्षी एखादी बहिणाबाई आपल्या हातून निसटत राहील.

म्हणून माझी मागणी. इथे बसलेल्या प्रत्येक लेखकाने आपल्या गावाचे एक वर्ष निवडावे आणि ते लिहून काढावे. साधने आपल्या आसपास आहेत. जन्ममृत्यूची कोतवाल बुके आहेत. १९०७ चे पान उघडले की प्लेगने आपल्या आळीतली कोणती घरे ओस पाडली ते दिसेल. शाळांची जुनी जनरल रजिस्टरे आहेत, जिनिंगच्या आणि अडतीच्या वह्या आहेत, माळ्यावरच्या ट्रंकांत पोस्टकार्डे आहेत. वाळवीने खाण्याआधी त्यांचे फोटो काढा. आणि तावडीत, लेवा गणबोलीत, अहिराणीत, गुजरीत, तडवी आणि बंजारा वस्त्यांत ज्या म्हाताऱ्या अजून गातात, त्यांच्यापाशी जाऊन बसा. त्यांच्या ओव्या त्यांच्याच उच्चारात नोंदवा, प्रमाणभाषेत सुधारून घेऊ नका. गाणारीचे नाव आणि गाव खाली लिहा.

पुढच्या संमेलनात अर्धा दिवस या लेखनाच्या वाचनासाठी राखून ठेवावा, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने मांडतो. संयोजकांनी ती ठरावात घ्यावी. १९०७ साली या जिल्ह्याने कवींसाठी मांडव घातला. आता तो मांडव न लिहिणाऱ्यांसाठीही घालण्याची जबाबदारी आपली आहे, आणि ती उचलण्याची ताकद या सभागृहात आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जय खानदेश, जय महाराष्ट्र!