वजनाचं ऑपरेशन: करण्याआधी आणि केल्यानंतर

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडचं नाव निघालं की आपण कुपोषणावर बोलतो, आणि ते बोलायलाच हवं. पण याच तालुक्यांत वाढलेलं वजन, मधुमेह आणि दुखरे गुडघे घेऊन जगणारी माणसंही आहेत. ‘मुंबईला ऑपरेशन करून वजन उतरवतात म्हणे’, हे त्यांच्या कानावर आलेलं असतं.

या ऑपरेशनमध्ये चरबी काढत नाहीत, बदल जठरात करतात. सर्वांत जास्त होणारं ऑपरेशन म्हणजे ‘स्लीव्ह’. यात जठराचा सुमारे पाऊण भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक बहुतांशी त्याच काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. 2017 मध्ये इजिप्तच्या अतिस्थूल इमान अहमद या महिलेवर मुंबईच्या सैफी रुग्णालयात झालेलं ऑपरेशन हेच. ज्यांना आधीच घशाशी आंबट येतं, त्यांचा तो त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो.

दुसरं ‘बायपास’. जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मधुमेह आणि जळजळ जास्त असेल, तर डॉक्टर बहुधा हे सुचवतात. पण अन्नाची वाट बदलल्यानं लोह, कॅल्शियम, बी-12 कमी शोषलं जातं. गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभराची. ‘मिनी बायपास’मध्ये जोड एकच असतो, पथ्य मात्र तेवढंच. जठराभोवतीचा गळपट्ट्यासारखा ‘बँड’ आता फारसा बसवत नाहीत.

हे कोणासाठी? किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा. उंची 155 सेंटीमीटर आणि वजन 90 किलो असेल, तर आकडा साडेसदतीसच्या आसपास येतो. 35 च्या पुढे, किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर त्याहून कमी आकड्यालाही, डॉक्टर या ऑपरेशनचा विचार करतात. विम्याची अट वेगळी: आकडा 40, किंवा गंभीर आजारांसह 35. पॉलिसी आधी वाचून घ्या.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती घरी परतल्यानंतरची. मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याच्या पुढच्या पाड्यावर रात्री उलट्या सुरू झाल्या, तर गाडी मिळेपर्यंत पहाट होते. पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटात जोराची कळ, छातीत धडधड यांपैकी काहीही झालं, तर तो टाके उसवून गळती झाल्याचा इशारा असू शकतो. उलट्या थांबत नसतील, तर बी-1 घटून मेंदूला इजा होऊ शकते. घरी वाट बघत बसू नका. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. बायपासनंतर अशा बऱ्याच गोळ्यांनी जोडावर अल्सर होऊ शकतो, तंबाखू-विडीनंही होऊ शकतो. दारू लवकर आणि जास्त चढते. बायकांनी वर्ष-दीड वर्ष गरोदरपण लांबवावं.

म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: तपासणीला किती वेळा यायचं, रात्री फोन कोण उचलेल, गोळ्यांचा खर्च किती? आणि ऑपरेशनचं नाव लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. शहापूर किंवा मुरबाडच्या रुग्णालयात कोणत्याही कारणानं गेलात, तरी आधी ते दाखवा.