हिसेन हाब्रे खटला : पीडितांनी उभा केलेला न्याय

हिसेन हाब्रे याने जून 1982 ते डिसेंबर 1990 या काळात मध्य आफ्रिकेतील चाड या देशावर राज्य केले. लिबियाच्या गद्दाफीला शह देण्यासाठी अमेरिका आणि फ्रान्स यांनी त्याला पाठबळ दिले. देशात मात्र 'डीडीएस' या नावाची राजकीय पोलीस यंत्रणा थेट त्याच्या हुकमाखाली काम करत होती. दक्षिणेतील सारा, तसेच हाजेराई आणि झाघावा या समूहांवर तिने सामूहिक सूड उगवला. राजधानी एन्जामिनात वसाहतकाळातला पोहण्याचा तलाव होता. त्यावर काँक्रीटचे छत घालून त्याचा भूमिगत तुरुंग करण्यात आला. चाडच्या सत्यशोधन आयोगाने 1992 मध्ये बळींची संख्या सुमारे 40,000 असल्याचा अंदाज दिला. तोवर हाब्रे सत्ता गमावून सेनेगलमध्ये आश्रयाला गेला होता.

या प्रकरणाचा पहिला पुरावा तुरुंगातून सुटलेल्यांनीच गोळा केला. सुलेमान गेंगेंग हा एक हिशेबनीस दोन वर्षांहून अधिक काळ कोठडीत होता. सोबतचे कैदी डोळ्यांदेखत मरत असताना, जिवंत सुटलो तर न्याय मिळवीन, असा निश्चय त्याने केला. सुटकेनंतर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 792 पीडितांच्या जबान्या लिहून घेतल्या. हाब्रेचे जुने अधिकारी नव्या राजवटीतही पदांवर होते. त्यामुळे ही कागदपत्रे त्याला अनेक वर्षे घरी लपवून ठेवावी लागली. पीडितांच्या वकील जाकलीन मुदेना 2001 मध्ये हातबॉम्बच्या हल्ल्यात जखमी झाल्या, तरी त्यांनी वकीलपत्र सोडले नाही. त्याच वर्षी डीडीएसच्या ओसाड मुख्यालयात हजारो कागद विखुरलेले सापडले. त्यांत 12,321 पीडितांचा उल्लेख होता आणि कोठडीत मेलेल्या किंवा मारल्या गेलेल्या 1,208 जणांची नावे होती.

पुरावा होता, पण न्यायालय मिळत नव्हते. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला जुलै 2002 पूर्वीच्या गुन्ह्यांची दखल घेता येत नाही. म्हणून पीडितांनी जानेवारी 2000 मध्ये सेनेगलची राजधानी डकारमध्येच फिर्याद दाखल केली. फेब्रुवारीत हाब्रेवर आरोप ठेवले गेले; परंतु परदेशात घडलेल्या छळाचा खटला चालवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे सेनेगलच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने 2001 मध्ये ठरवले. पीडित बेल्जियमकडे वळले. बेल्जियमने 2005 मध्ये त्याच्या प्रत्यार्पणाची मागणी केली. 2006 मध्ये आफ्रिकी महासंघाने हा खटला 'आफ्रिकेच्या वतीने' चालवण्यास सेनेगलला सांगितले, तरीही वर्षे उलटत राहिली.

कोंडी फुटली ती एका कराराच्या आधारे. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराने सदस्य देशांवर घातलेले बंधन सोपे आहे : आरोपी आपल्या भूमीवर असेल, तर त्याच्यावर खटला भरण्यासाठी कारवाई करा, नाहीतर त्याला स्वाधीन करा. या बंधनाचा भंग झाल्याचे सांगून बेल्जियम आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. 20 जुलै 2012 रोजी त्या न्यायालयाने सेनेगलला आणखी विलंब न लावता यांपैकी एक मार्ग पत्करण्याचा आदेश दिला. पुढच्याच महिन्यात सेनेगल आणि आफ्रिकी महासंघ यांच्यात करार झाला आणि त्यातून 'विशेष आफ्रिकी न्यायकक्ष' जन्माला आले.

जुलै 2015 मध्ये सुनावणी सुरू झाली. हाब्रेने न्यायालय मानण्यास नकार दिला. त्याला बळाने आणून बसवावे लागले. नव्वदहून अधिक साक्षीदार बोलले. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनीही मौन सोडून भर न्यायालयात साक्ष दिली. 30 मे 2016 रोजी मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि छळ यांसाठी त्याला जन्मठेप झाली. एका देशाच्या न्यायालयांनी दुसऱ्या देशाच्या माजी सत्ताधीशाला अशा गुन्ह्यांसाठी दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ होती. एप्रिल 2017 मध्ये अपिलातही जन्मठेप कायम राहिली आणि 7,396 पीडितांना 82 अब्ज सीएफए फ्रँकहून अधिक भरपाई मंजूर झाली.

विधिज्ञांनी या खटल्याकडे पाहावे ते त्याच्या बळासाठी आणि त्याच्या उणिवेसाठीही. आंतरराष्ट्रीय न्याय म्हणजे आफ्रिकेवर बाहेरून लादलेला न्याय, या आक्षेपाला आफ्रिकेच्याच भूमीवर, आफ्रिकी न्यायाधीशांनी उत्तर दिले. करारातले कलम आधीपासून होते; त्याला जाग आणली ती लपवून जपलेल्या जबान्यांनी आणि चिकाटीच्या वकिलीने. हाब्रे ऑगस्ट 2021 मध्ये शिक्षा भोगत असतानाच मरण पावला. भरपाई मात्र निकालानंतर कित्येक वर्षे रखडली आणि तिची वाट पाहत अनेक पीडित जग सोडून गेले. शिक्षेची अंमलबजावणी झाली, तशी भरपाईचीही होईपर्यंत त्या निकालपत्राचा अर्धा भाग कागदावरच राहणार आहे.