वितळलेल्या प्लॅस्टिकचं मिश्रण कसं वाहील?

कारखान्यात दोन प्रतींचे प्लॅस्टिकचे दाणे एकत्र करायचे, तर पहिला प्रश्न येतो : हे मिश्रण वितळल्यावर किती सहज वाहील?

त्याचं मोजमाप म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स. १९० अंश सेल्सिअसला वितळलेलं पॉलिथिलीन, २.१६ किलो भाराखाली, बारीक छिद्रातून १० मिनिटांत जितके ग्रॅम बाहेर येतं, तो हा आकडा. समजा, एका प्रतीचा आकडा २ आहे आणि दुसरीचा ३२. दोन्ही निम्म्या-निम्म्या घेतल्या, तर सरासरी १७ निघते. पण मिश्रणाचा आकडा ८ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो.

असं का? प्लॅस्टिकचे रेणू म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या लांबच लांब साखळ्या. साखळीची लांबी दुप्पट झाली, की वितळलेल्या प्लॅस्टिकचा दाटपणा सुमारे साडेदहा पट होतो. त्यामुळे लांब साखळ्यांचाच वरचष्मा राहतो. या गुंत्यातून प्रत्येक साखळी सापासारखी सरपटत वाट काढते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-झील द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलं. मिश्रणाचा अंदाज देणारी आजची काही सूत्रं याच विचारावर उभी आहेत.

मात्र पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरीन ही दोन वेगळ्या जातींची प्लॅस्टिकं एकजीव होत नाहीत. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात आणि मिश्रण कधीकधी दोघांपेक्षाही पातळ वाहतं. तिथे ही सूत्रं फसतात. म्हणूनच पुनर्वापराचं प्लॅस्टिक आधी नीट वेगळं करावं, आणि साच्यात घालण्यापूर्वी प्रत्येक खेपेचा नमुना तपासावा. अंदाज आणि तपासणी, दोन्ही हवीतच.